पहिले महायुद्ध आणि रशियन क्रांती : कारणे आणि परिणाम कसे मांडावेत

पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा म्हटले की बहुतेकांच्या वहीत एकच यादी उमटते : साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, उग्र राष्ट्रवाद आणि शेवटी तात्कालिक कारण म्हणून साराजेव्होचा खून. रशियन क्रांतीच्या बाबतीतही तेच होते. झारची जुलमी राजवट, शेतकऱ्यांचे दारिद्र्य, दरबारावर पगडा असलेला साधू रास्पुतिन आणि लेनिन अशी चार नावे क्रमाने येतात. यांतले एकही कारण खोटे नाही. तरीही ही यादी मुखोद्गत असलेल्या माणसाला ‘युद्ध १९१४मध्येच का झाले, १९११मध्ये का झाले नाही?’ असे विचारले, तर तो गप्प होतो. यादीपासून स्पष्टीकरणापर्यंत कसे पोचावे याची रीत येथे सांगायची आहे. परीक्षेसाठी अभ्यास करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल, तशीच या विषयावर सविस्तर निबंध लिहू पाहणाऱ्यांनाही पडावी. एक अट मात्र सुरुवातीलाच घालतो. युद्ध आणि क्रांती हे दोन वेगळे धडे समजू नयेत. पाठ्यपुस्तकात ते सोयीसाठी वेगळे छापलेले असतात. प्रत्यक्षात रशियाची राजधानी पेट्रोग्राडच्या पावाच्या रांगेत ते एकमेकांना भेटले होते.

आधी तारखा लावून घ्याव्यात

कारण परिणामाच्या आधी यावे लागते, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती तपासायची राहूनच जाते. म्हणून पहिले काम म्हणजे कोऱ्या कागदावर २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ या अडतीस दिवसांचा तक्ता मांडणे. २८ जूनला साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी सोफी यांना गाव्हरिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणाने गोळ्या घातल्या. ५ जुलैला जर्मन सम्राट दुसरा विल्यम याने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता धाडला आणि २८ जुलैला युद्ध पुकारले. ३० जुलैला रशियाने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध आणि ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध जाहीर केले. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात उतरले.

तक्ता समोर आला की सर्वप्रथम डोळ्यांत भरतात ते खून आणि खलिता यांच्यामधले पंचवीस दिवस. ‘खुनाने युद्धाचा भडका उडाला’ असे आपण सहज लिहून जातो. पण ठिणगी पडल्यानंतर भडका उडायला जवळजवळ महिना लागत असेल, तर त्या महिन्यात कोण काय ठरवत होते, हा खरा अभ्यासाचा विषय ठरतो. ऑस्ट्रियाच्याच साम्राज्यातल्या हंगेरीचा पंतप्रधान टिसा जुलैच्या मध्यापर्यंत सर्बियावर चाल करण्याला विरोध करत होता. फ्रान्सचा अध्यक्ष प्वांकारे त्या दिवसांत रशियाच्या भेटीवर होता; तो परत निघेपर्यंत खलिता द्यायचा नाही, असे व्हिएन्नाने जाणून ठरवले होते. म्हणजे सूडाच्या आवेगापेक्षा हिशेबाचा भाग मोठा होता, आणि हे तारखा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

रशियाच्या तारखांबाबत एक खड्डा आहे, त्यात पाय घालू नये. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालत असे आणि विसाव्या शतकात ती इतर युरोपच्या १३ दिवस मागे होती. म्हणून ‘फेब्रुवारी क्रांती’ आपल्या मोजणीने ८ मार्च १९१७ला सुरू होते आणि ‘ऑक्टोबर क्रांती’ ७ नोव्हेंबरला घडते. लेनिनच्या बोल्शेविक पक्षाच्या सरकारने १९१८मध्ये नवी दिनदर्शिका स्वीकारली तेव्हा ३१ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ फेब्रुवारी उजाडली. लेखनात एकच पद्धत धरावी आणि कोणती धरली ते पहिल्या पानावर सांगून टाकावे. खाली सर्वत्र नवी दिनदर्शिका वापरली आहे.

प्रत्येक कारणाला दोन प्रश्न विचारावेत

यादीतले प्रत्येक कारण उचलून त्याला विचारावे : तेव्हाच का? आणि कोणत्या वाटेने? पहिल्या प्रश्नाने काळाची कसोटी लागते. दुसऱ्या प्रश्नाने ते कारण माणसांच्या निर्णयांपर्यंत कसे पोचले याचा माग काढावा लागतो. ज्या कारणाला दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत ते पार्श्वभूमीत ठेवावे. त्याला मुख्य कारण म्हणू नये.

करारांपासून सुरुवात करू. जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा करार १८७९चा, त्यात इटली आली ती १८८२मध्ये. फ्रान्स आणि रशिया यांची युती १८९४ची, ब्रिटन-फ्रान्स समझोता १९०४चा आणि ब्रिटन-रशिया समझोता १९०७चा. म्हणजे १९०७मध्ये दोन्ही गट तयार होते, पण युद्ध झाले सात वर्षांनी. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. ‘करारांमुळे एकामागून एक राष्ट्रे आपोआप ओढली गेली’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक उत्तरात सापडते. पण इटली त्रिराष्ट्र करारात असूनही १९१४मध्ये तटस्थ राहिली आणि मे १९१५मध्ये चक्क विरुद्ध बाजूने लढायला उतरली. रुमानियाही ऑस्ट्रियाशी गुप्त कराराने बांधलेली होती. ती १९१६मध्ये ऑस्ट्रियावरच उलटली. उलट ब्रिटनवर फ्रान्सच्या बाजूने लढण्याचे कराराने कोणतेही बंधन नव्हते. करार पाळायचा की नाही हे प्रत्येक सरकारने त्या क्षणी स्वतःचा लाभ पाहून ठरवले. तेव्हा ‘आपोआप’ हा शब्द खोडून टाकावा आणि ‘करारांनी पर्याय कमी केले, पण निवड संपवली नाही’ अशा अर्थाचे काही लिहावे.

आता ‘तेव्हाच का’ हा प्रश्न. १९१४पूर्वीच्या दहा वर्षांत युरोप निदान चार वेळा काठावर जाऊन परत आला : १९०५ आणि १९११ची मोरोक्को प्रकरणे, १९०८मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला तो पेच, आणि १९१२-१३ची बाल्कन युद्धे. या टळलेल्या युद्धांचा अभ्यास करणे हा माझ्या मते कारणमीमांसेचा सर्वांत फलदायी भाग आहे, आणि नेमका तोच बहुतेकजण वगळतात. बोस्नियाच्या प्रकरणात रशिया माघार घेऊ शकला, किंबहुना त्याला घ्यावी लागली, कारण १९०४-०५च्या युद्धात जपानने त्याच्या लष्कराचे कंबरडे मोडले होते. ती मानहानी सेंट पीटर्सबर्ग (म्हणजे रशियाची राजधानी; युद्ध सुरू झाल्यावर तिचेच नाव पेट्रोग्राड झाले) विसरले नाही. पाच वर्षांनी तसाच प्रसंग आला तेव्हा पुन्हा मान खाली घालायची नाही, असा तिथला सूर होता आणि लष्कराची उभारणीही बरीच पुढे गेली होती. बाल्कन युद्धांच्या वेळी जर्मनीने ऑस्ट्रियाला आवरले आणि लंडनमध्ये राजदूतांच्या परिषदेने तडजोड घडवली. १९१४च्या जुलैत जर्मनीने आवरण्याऐवजी पाठीवर थाप मारली. जुनी कारणे तीच होती. बदलले ते एवढेच, की आधीच्या प्रसंगांत कोणीतरी माघार घेत होते आणि या वेळी कोणालाच ती परवडेल असे वाटले नाही.

लष्करवादाची वाट शोधायची असेल तर तोफांच्या संख्येपेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकांकडे पाहावे. जर्मनीची युद्धयोजना अशी होती की आधी बेल्जियममार्गे फ्रान्सला काही आठवड्यांत नमवायचे आणि मग सावकाश जमा होणाऱ्या रशियाकडे वळायचे. या आखणीत जमवाजमव म्हणजेच युद्ध होते, कारण थांबून राहिले तर रशियाच्या संथपणावर बांधलेला सगळा हिशेब कोसळत होता. १ ऑगस्टच्या संध्याकाळी ब्रिटन तटस्थ राहील अशी खोटी आशा निर्माण झाली, तेव्हा सम्राटाने फौजा फक्त पूर्वेकडे वळवण्याची सूचना केली. सेनापती मोल्टकेने उत्तर दिले की लाखोंच्या सैन्याची आखणी ऐनवेळी बदलता येत नाही. रशियातही तेच घडले. झार निकोलसने २९ जुलैला जमवाजमवीचा पूर्ण हुकूम दिला, रात्री तो मागे घेऊन अंशतः केला आणि दुसऱ्या दिवशी सेनाधिकाऱ्यांच्या दडपणाखाली पुन्हा पूर्ण केला. ‘लष्करवाद’ हा शब्द अशा दोन प्रसंगांतून दाखवला तर त्याला अर्थ येतो.

साम्राज्यवादाबद्दल थोडे सावध राहावे. वसाहतींवरून झालेले बरेच तंटे १९१४पर्यंत मिटलेले होते. ब्रिटन आणि रशिया यांनी इराणबाबत १९०७मध्येच वाटणी केली होती, आणि बगदाद रेल्वेवर ब्रिटन-जर्मनी वाटाघाटी १९१४च्या उन्हाळ्यात तडजोडीपर्यंत आल्या होत्या. स्पर्धेने अविश्वास वाढवला हे खरे, पण युद्ध आफ्रिकेवरून पेटले नाही; ते बाल्कनमधून पेटले, जिथे तुर्की साम्राज्य मागे हटत होते आणि त्याच्या जागी कोण येणार, हा ऑस्ट्रिया व रशिया दोघांच्याही जिवाचा प्रश्न होता. राष्ट्रवादही याच जागी बसवावा. सर्व युरोपभर सारखा पसरलेला उन्माद म्हणून तो रंगवण्यापेक्षा, अनेक भाषा बोलणाऱ्या ऑस्ट्रिया-हंगेरीला सर्ब, क्रोएट अशा दक्षिण स्लाव लोकांच्या एकीची भीती का वाटत होती, हे सांगितले की पुरे.

कारण आणि दोष यांची गल्लत करू नये, हेही येथेच सांगून ठेवतो. ‘कशामुळे झाले’ आणि ‘कोणामुळे झाले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. युद्धानंतर जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहातील २३१वे कलम ‘युद्धापराधाचे कलम’ म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या कलमात अपराध हा शब्दच नाही. जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी केलेल्या आक्रमणामुळे झालेल्या हानीची जबाबदारी त्यात आहे, आणि ती नुकसानभरपाईला कायद्याचा आधार म्हणून घातलेली आहे. ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्याशी झालेल्या तहांतही तशीच कलमे होती. मूळ मजकूर वाचण्याची सवय लावून घेतली तर अशी पुष्कळ ऐकीव वाक्ये गळून पडतात.

युद्धाकडून क्रांतीकडे जाणारी वाट

आता मुख्य भागाकडे येऊ. ‘युद्धातील पराभवांमुळे क्रांती झाली’ हे वाक्य अर्धेच आहे. रशियाचा १९१४मध्ये टॅनेनबर्गला दारुण पराभव झाला, १९१५मध्ये पोलंड सोडून मागे हटावे लागले. पण क्रांती त्या वेळी झाली नाही. १९१६च्या उन्हाळ्यात तर रशियन सेनापती ब्रुसिलोव्हच्या मोहिमेने ऑस्ट्रियाला हादरवले होते. १९१७च्या सुरुवातीला आघाडी शाबूत होती आणि दारूगोळ्याचा पुरवठा पूर्वीपेक्षा बरा होता. मग राजवट राजधानीतच का कोसळली? येथे आपले दोन प्रश्न पुन्हा हातात घ्यावेत आणि पावाच्या तुकड्याचा पाठलाग करावा.

ऑक्टोबर १९१४च्या अखेरीस तुर्कस्तान युद्धात उतरले आणि काळ्या समुद्राची सामुद्रधुनी रशियाला बंद झाली. रशियाचे धान्य याच वाटेने परदेशी जात असे. निर्यात थांबल्यावर देशात धान्य उरायला हवे होते, आणि एका अर्थी ते उरलेही. तुटवडा शेतात नव्हता. कारखाने युद्धसामग्रीकडे वळले होते, त्यामुळे कापड, खिळे, नांगराचे फाळ बाजारात मिळेनात. सरकार नोटा छापत होते. युद्धाच्या सुरुवातीलाच दारूवर बंदी घालून सरकारने स्वतःच्याच दारूच्या मक्तेदारीतून येणारे, एकूण महसुलाच्या पाव हिश्शाइतके उत्पन्न बुडवले होते, आणि ती खिंडार कर्ज व नोटांनी बुजवली जात होती. घसरत्या रुबलच्या बदल्यात धान्य विकून शेतकऱ्याने घ्यायचे काय? त्याने ते कणगीत ठेवले किंवा जनावरांना घातले. जे विकले गेले ते दक्षिणेकडच्या सुपीक प्रांतांतून उत्तरेच्या राजधानीपर्यंत आणायला आगगाड्या हव्या होत्या, आणि आगगाड्या आघाडीकडे धावत होत्या. अशा रीतीने सामुद्रधुनी, छापखाना, नांगराचा फाळ आणि इंजिन या चार गोष्टी पेट्रोग्राडच्या बेकरीसमोर एकत्र आल्या.

त्या रांगांत बहुतेक स्त्रिया होत्या. पुरुष आघाडीवर होते, कारण युद्धाच्या काळात रशियाने सुमारे दीड कोटी माणसे सैन्यात घेतली होती. ७ मार्च १९१७ला पुतिलोव्ह कारखान्यात टाळेबंदी झाली. ८ मार्च हा आंतरराष्ट्रीय महिला दिन. त्या दिवशी वायबोर्ग भागातील कापडगिरण्यांतल्या स्त्रियांनी काम थांबवले आणि शेजारच्या धातुकारखान्यांतल्या पुरुषांना बाहेर बोलावले. कोणत्याही पक्षाने हा संप ठरवला नव्हता. लेनिन तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता. क्रांतीच्या उत्तरात पहिल्या ओळीपासून लेनिनला आणणाऱ्यांनी हा तपशील भिंतीवर लिहून ठेवावा.

तरीही संप म्हणजे क्रांती नसते, आणि हे पटवून घ्यायला १९०५शी तुलना करणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. २२ जानेवारी १९०५च्या रक्तरंजित रविवारनंतरही देशभर संप पेटले, झारला डूमा नावाची प्रतिनिधिसभा मान्य करावी लागली. पण सिंहासन टिकले. याचे कारण असे की सप्टेंबरात जपानशी तह करून युद्ध संपवता आले, सैन्य मोकळे झाले आणि डिसेंबरात मॉस्कोतला उठाव सेम्योनोव्स्की या निष्ठावंत गार्ड रेजिमेंटने चिरडला. बारा वर्षांनी तसले गार्ड पेट्रोग्राडमध्ये उरलेच नव्हते. मुरलेले शिपाई आणि अधिकारी तीन वर्षांत रणांगणावर पडले होते. राजधानीच्या शिबंदीत नावाला त्याच रेजिमेंट होत्या, पण आत होते नव्याने भरती झालेले शेतकरी आणि जखमांतून बरे होत असलेले सैनिक. त्यांना दाटीवाटीच्या बराकींत कोंबलेले होते आणि आघाडीवर जाण्याचे भय त्यांच्या मनात होते. ११ मार्चला वोलिन्स्की रेजिमेंटच्या प्रशिक्षण तुकडीने जमावावर गोळीबार केला. १२ मार्चच्या सकाळी त्याच तुकडीने बंड केले आणि दिवसभरात शिबंदीचा मोठा भाग तिच्यामागे गेला. १५ मार्चला निकोलसने पस्कोव्ह येथे राज्यत्याग केला. लोकांनी राजवाड्यावर चाल करून त्याला खाली खेचले असे घडले नाही. त्याच्याच सेनापतींनी तारा पाठवून राज्यत्यागाचा सल्ला दिला, कारण युद्ध चालू ठेवायचे तर झारला जावे लागेल, असे त्यांना वाटले.

रास्पुतिनवर फार शाई खर्च करू नये. डिसेंबर १९१६च्या अखेरीस त्याचा खून झाला आणि राजवट त्यानंतर अडीच महिन्यांतच पडली. म्हणजे ते ‘कारण’ दूर होऊनही परिणाम टळला नाही. त्याच्यामुळे राजघराण्याची अब्रू गेली एवढे सांगावे. त्यापेक्षा १९१५मध्ये झारने सरसेनापतीपद स्वतःकडे घेतले, याला जास्त जागा द्यावी. त्या निर्णयामुळे पुढच्या प्रत्येक अपयशाचा दोष थेट त्याच्या माथी आला आणि ऐन संकटाच्या वेळी तो राजधानीपासून शेकडो किलोमीटर दूर मोगिलेव्हच्या मुख्यालयात होता.

फेब्रुवारी आणि ऑक्टोबर यांची कारणे वेगळी लिहावीत

झार का पडला याचे उत्तर बोल्शेविक का आले या प्रश्नाला चालत नाही. दुसरा प्रश्न असा विचारावा : झारनंतर डूमाच्या नेत्यांनी बनवलेले आणि मार्चमध्ये ज्याचे एवढे स्वागत झाले ते हंगामी सरकार आठ महिनेही का टिकले नाही? त्याने युद्ध चालू ठेवले आणि जुलैच्या आरंभी नवी चढाई केली, तिचा फज्जा उडाला. जमिनीचा निर्णय संविधान सभेवर सोपवला आणि संविधान सभेची निवडणूक पुढे ढकलत नेली. तोवर शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या जमिनी स्वतःच वाटून घ्यायला सुरुवात केली. शिवाय त्याच्याकडे पद होते, पण सत्ता अर्धीच होती, कारण शिबंदी, रेल्वे आणि तारखाते पेट्रोग्राड सोव्हिएतचे, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडून आलेल्या मंडळाचे ऐकत असे. सप्टेंबरात जनरल कोर्निलोव्हने राजधानीवर फौज पाठवली तेव्हा हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्की याला बोल्शेविकांच्या लाल रक्षकांचीच मदत घ्यावी लागली, आणि त्यानंतर पेट्रोग्राड व मॉस्को या दोन्ही सोव्हिएतांत बोल्शेविकांचे बहुमत झाले.

व्यक्तीचे महत्त्व मोजायचे असेल तर ते येथे मोजावे. लेनिन १६ एप्रिलला जर्मनीच्या संमतीने आगगाडीतून रशियात पोचला, आणि हंगामी सरकारला कोणताही पाठिंबा द्यायचा नाही ही त्याची भूमिका सुरुवातीला स्वपक्षीयांनाही धक्कादायक वाटली. २३ ऑक्टोबरला पक्षाच्या केंद्रीय समितीत सशस्त्र उठावाचा ठराव १० विरुद्ध २ मतांनी संमत झाला; झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह हे त्याचे जुने सहकारी विरोधात होते. लेनिन नसता तरी झार पडलाच असता. पण नोव्हेंबरचा उठाव त्या आठवड्यात, त्या पद्धतीने झाला असता असे म्हणणे अवघड आहे. ‘अमुक नसते तर’ ही कसोटी एवढ्या नेमक्या जागी लावावी. त्यापुढे जाऊन सबंध शतकाचा पर्यायी इतिहास रचू लागलो तर ती कादंबरी होते.

‘जनतेने बोल्शेविकांना निवडले’ असेही सरळ लिहू नये. नोव्हेंबर १९१७च्या संविधान सभेच्या निवडणुकीत त्यांना सुमारे पाव मते मिळाली. शेतकऱ्यांमध्ये रुजलेला समाजवादी क्रांतिकारक पक्ष त्यांच्या पुष्कळ पुढे होता. जानेवारी १९१८मध्ये सभा एकदाच भरली आणि बरखास्त करण्यात आली. मात्र मोठी शहरे आणि राजधानीजवळच्या लष्करी तुकड्या बोल्शेविकांच्या बाजूला होत्या, आणि सत्ता घेण्याच्या क्षणी देशभरच्या मतांपेक्षा तेच निर्णायक ठरले.

एक तपासणी अजून करावी. युद्धाने क्रांती होत असेल तर फ्रान्समध्ये का झाली नाही? १९१७च्या वसंतात फसलेल्या चढाईनंतर फ्रेंच लष्कराच्या जवळजवळ निम्म्या डिव्हिजनांत अवज्ञेचे प्रकार घडले. नवा फ्रेंच सरसेनापती पेतां याने काहींना मृत्युदंड दिला, पण त्याच वेळी रजा वाढवल्या, जेवण सुधारले आणि निष्फळ चढाया थांबवल्या. शत्रू फ्रान्सच्याच भूमीवर बसलेला होता आणि सरकार बदलायला संसद होती. युद्धाचा ताण सगळ्यांवर सारखाच पडला. तो झेलणारी व्यवस्था रशियात नव्हती.

परिणामांवर शिक्के मारावेत

परिणाम लिहिताना सर्वांत मोठा मोह म्हणजे १९१८नंतर घडलेले सगळे युद्धाच्या खात्यात टाकणे. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक परिणामासमोर युद्ध, क्रांती की नंतरचा निर्णय, असा शिक्का मारावा. काहींवर दोन शिक्के बसतील, हरकत नाही.

बाण उलट दिशेनेही जातो हे विसरू नये. युद्धाने क्रांती आणली, पण क्रांतीनेही युद्ध वळवले. ३ मार्च १९१८च्या ब्रेस्ट-लिटोव्स्क तहाने रशियाने पोलंड, बाल्टिक प्रदेश आणि युक्रेन गमावले. जर्मनीने पूर्वेकडचे सैन्य पश्चिमेला आणून २१ मार्चला मोठी चढाई केली. ती फसल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कील बंदरातल्या जर्मन खलाशांनी बंड केले, ९ नोव्हेंबरला सम्राटाच्या राज्यत्यागाची घोषणा झाली आणि ११ नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली. रशियात युद्धातून क्रांती झाली आणि जर्मनीत क्रांतीच्या छायेत युद्ध थांबले. चार साम्राज्ये कोसळली : रशियन, जर्मन, ऑस्ट्रो-हंगेरियन आणि तुर्की. यावर निःशंकपणे युद्धाचा शिक्का मारावा. त्यांच्या जागी नेमक्या कोणत्या सीमा आल्या, यावर मात्र तिसरा शिक्का लागतो, कारण त्या पॅरिसच्या शांतता परिषदेच्या टेबलावर आणि त्यानंतरच्या लढायांत ठरल्या.

जर्मनीच्या बाबतीत घाई फार होते. ‘व्हर्सायमुळे हिटलर’ हे दोन शब्दांचे समीकरण आकड्यांपुढे टिकत नाही. तह २८ जून १९१९चा. १९२१मध्ये नुकसानभरपाईची रक्कम १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरली. जानेवारी १९२३मध्ये फ्रान्स व बेल्जियमने रूर खोरे ताब्यात घेतले, जर्मन सरकारने तिथल्या संपकऱ्यांना पोसण्यासाठी नोटा छापल्या, आणि नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. त्या चलनवाढीची मुळेही तहाच्या मागे जातात, कारण जर्मनीने युद्धाचा खर्च करांऐवजी मुख्यतः कर्जांवर भागवला होता. एवढे सगळे होऊनही मे १९२८च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते पडली. जागतिक मंदीनंतर, सप्टेंबर १९३०मध्ये ती १८.३ टक्के झाली आणि जुलै १९३२मध्ये ३७ टक्क्यांवर गेली. तहाने दिलेली जखम खरी होती. ती चिघळली मंदीत. दोन्ही गोष्टी लिहाव्यात आणि त्याच क्रमाने लिहाव्यात.

रशियातील परिणामांत बोल्शेविक आणि त्यांचे विरोधक यांच्यातल्या यादवी युद्धाला त्याची पूर्ण जागा द्यावी. एकपक्षीय सत्ता, गुप्त पोलीस, धान्याची सक्तीची वसुली या गोष्टी आदल्या सिद्धांतातून किती आणि १९१८ ते १९२१च्या लढाईतून किती आल्या, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत, आणि उत्तरात ते मतभेद दिसले तर बिघडत नाही. माझ्या मते वीस लाखांहून अधिक वस्ती असलेले पेट्रोग्राड १९२०पर्यंत सात लाखांच्या आसपास आले, हा एक आकडा पुष्कळ सांगून जातो. ज्या कामगारांच्या नावाने राज्य चालले होते तेच भुकेने गावाकडे परतले होते किंवा लाल सैन्यात गेले होते. मार्च १९२१मध्ये पेट्रोग्राडजवळच्या क्रॉनश्टाट नाविक तळाचे खलाशी उठले. तो उठाव मोडून काढतानाच सरकारने सक्तीची वसुली थांबवून नवे आर्थिक धोरण जाहीर केले.

स्त्रियांचा मताधिकार, आंतरराष्ट्रीय मजूर संघटना, राष्ट्रसंघ हे परिणाम सर्वांना ठाऊक असतात. ते थोडक्यात आटोपावेत. वसाहतींना मात्र घाईत शेवटच्या ओळीत कोंबू नये. १९१९च्या वसंतात इजिप्त, भारत, कोरिया आणि चीन येथे काही आठवड्यांच्या अंतराने उठलेली आंदोलने एकाच फसलेल्या आशेची रूपे होती : स्वयंनिर्णयाचे तत्त्व युरोपपुरतेच आहे, हे तेव्हा उघड झाले.

आकडे वापरताना ते कशाचे आहेत हे सांगावे. या युद्धात सुमारे ९० लाख ते एक कोटी सैनिक मेले असे मानले जाते. यात नागरिक नाहीत. फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ला, ब्रिटिशांचे ५७ हजारांहून अधिक सैनिक कामी आले असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते, पण तो आकडा मृत, जखमी आणि बेपत्ता यांचा एकत्रित आहे. मृत १९,२४० होते.

साधनांविषयी

१९१४मध्ये प्रत्येक सरकारने आपापली निरपराधिता सिद्ध करण्यासाठी निवडक पत्रव्यवहाराची रंगीत वेष्टनाची पुस्तके छापली. जर्मनीचे पांढरे, फ्रान्सचे पिवळे, रशियाचे नारिंगी. त्यांत काय आहे यापेक्षा काय गाळले आहे ते जास्त बोलके ठरते. याउलट नोव्हेंबर १९१७मध्ये सत्तेवर येताच बोल्शेविकांनी झारच्या दप्तरातले गुप्त करार वृत्तपत्रांत छापून टाकले. त्यामागेही हेतू होता, पण कागद खरे होते. कोणताही उतारा वापरण्यापूर्वी तो कोणी, कधी आणि कोणाला दाखवण्यासाठी लिहिला, हे समासात टिपून ठेवावे.

शेवटी कुठे थांबायचे, हे लेखनाला बसण्याआधीच ठरवावे. ११ नोव्हेंबर १९१८ला थांबलात तर निम्मे परिणाम हातून निसटतात, कारण पूर्व युरोपात त्या दिवशी काहीच संपले नव्हते. पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांचे युद्ध १९२१च्या रीगा तहापर्यंत चालले, सोव्हिएत संघ ३० डिसेंबर १९२२ला स्थापन झाला आणि ग्रीस-तुर्कस्तान युद्धाचा निकाल लागून लोझानचा तह २४ जुलै १९२३ला झाला. मी स्वतः हीच शेवटची तारीख धरतो. या तहाच्या आधी, त्याच वर्षी जानेवारीत, दोन्ही देशांत लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला होता. त्यात सुमारे पंधरा लाख माणसांना केवळ धर्माच्या आधारावर आपले गाव कायमचे सोडावे लागले. परिणामांच्या तक्त्यात त्यांची ओळ आली की मग पेन खाली ठेवावे.